लाइट बिलात दडलेलं बसचं तिकीट

परवा संध्याकाळी बसस्थानकासमोरच्या टपरीवर चहा पीत उभा होतो. ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं हातातला पेपर दुमडला आणि विचारलं, "पत्रकार, मुंबईची बेस्ट तोट्यात. आपली एसटी तोट्यात. मग चालवतात कशाला? द्यावी कुणाला तरी नि मोकळं व्हावं." आजूबाजूच्या तिघा-चौघांनी माना डोलावल्या. मी काही बोललो नाही. चहाचे पैसे दिले आणि घरी आलो.

पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण प्रश्न वाईट नाहीये. उत्तर द्यायला मात्र दीडशे वर्षं मागं जावं लागतं, ते टपरीवर उभ्या उभ्या जमत नाही. म्हणून इथं लिहितोय. थोडं लांबलंय, सवडीनं वाचा.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे हा माणूस एवढा बसच्या मागं का लागलाय ते कळेल.

१९९९ साली पत्रकारितेचा डिप्लोमा करायला मी मुंबईला गेलो. रत्नागिरीहून रात्रीची एसटी, पहाटे परळला उतरलो. हातात ट्रंक, एक आंब्याच्या पेटीला बांधतात तसा सुतळीनं बांधलेला खोका, आणि खिशात चुलत्यांच्या चाळीचा पत्ता. काका गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, पुढं वॉचमनची नोकरी केली. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं नि म्हणाले, "मुंबईत हरवायचं नसेल तर दोन गोष्टी शीक. एक, मराठी आकडे लांबून ओळखायला. दोन, सुट्टे पैसे खिशात ठेवायला."

मग त्यांनी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मला बेस्टचं गणित समजावून दिलं. एकपासून दोनशेच्या आतले आकडे म्हणजे बहुतेक मूळ शहरातल्या गाड्या, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या. दोनशेच्या पुढचे पश्चिम उपनगरातले. तीनशेचे पूर्व उपनगरातले, म्हणजे कुर्ला, घाटकोपर, मुलुंडकडचे. चारशेचे बहुतेक पूर्व-पश्चिम जोडणारे. पाचशेचे खाडी ओलांडून नवी मुंबईत जाणारे. अपवाद आहेत, पण चुकलास तरी फार लांब जाणार नाहीस, असं काका म्हणाले. मागून चढायचं, पुढून उतरायचं. आकडा लाल असेल तर ती मर्यादित, प्रत्येक थांब्यावर थांबणार नाही, तेवढं बघून चढायचं.

मला इंग्रजी फारसं येत नव्हतं. हिंदी म्हणजे सिनेमातली. पण बसच्या कपाळावरचा आकडा मराठीत होता आणि तो मला वाचता येत होता. एवढ्या मोठ्या शहरात पहिल्या आठवड्यात मला वाचता आलेली ती एकमेव गोष्ट. महिनाभरात कुर्ला-अंधेरी ३३२, अंधेरी-घाटकोपर ३४० हे पाठ झालं. रविवारी १२३ च्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढच्या सीटवर बसून मरीन ड्राइव्ह बघायचो. तिकीट काही रुपयांचं, आणि समुद्र शेजारच्या इमारतीतल्या कोट्यधीशाला दिसतो तोच.

आता इतिहास.

मुंबईत ट्राम पहिल्यांदा धावली ९ मे १८७४ रोजी. घोड्यांची ट्राम. एक मार्ग कुलाबा ते पायधुणी, दुसरा बोरीबंदर ते पायधुणी. भाडं होतं तीन आणे. कंपनीच्या तबेल्यात नऊशेच्या आसपास घोडे होते. पुढं गर्दी वाढली तेव्हा कंपनीनं भाडं दोन आण्यांवर आणलं. हे लक्षात ठेवा, शेवटी परत उपयोगी पडेल.

मग आली वीज. १९०५ मध्ये इंग्लंडात एक कंपनी नोंदली गेली, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. त्याचंच लघुरूप 'बेस्ट'. ७ मे १९०७ ला विजेवरची ट्राम सुरू झाली. कंपनीच्या नावाकडं पुन्हा एकदा बघा. आधी वीजपुरवठा, मग ट्राम, आणि दोन्ही एकाच नावात. ट्राम चालवायची तर वीज पाहिजे. वीज केलीच आहे तर ती घराघरात, दुकानात विकता येते. म्हणजे मुंबईत ज्या कंपनीनं घरात दिवा लावला, तीच माणसांना रस्त्यावरून नेत होती. एक धंदा दुसऱ्याला हात देत होता. ही सोय कुणा समाजवादी पुढाऱ्यानं शोधलेली नाही. ती इंग्रज भांडवलदारांच्या कंपनीत जन्मापासून होती.

बस आली १५ जुलै १९२६ ला, भर पावसाळ्यात. अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. सुरुवातीला २४ गाड्या. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सहा लाख लोकांनी प्रवास केला, पुढच्या वर्षी आकडा ३८ लाखांवर गेला. सुरुवातीला बस जरा बऱ्या परिस्थितीतल्या लोकांची होती, गरिबाची ती ट्राम. १९३७ मध्ये दुमजली बस आली.

आता १९४७ साल. या वर्षाबद्दल आपण १५ ऑगस्टच्या पलीकडं फारसं बोलत नाही. पण कोकणातल्या माणसाच्या प्रवासापुरतं बघायचं तर साडेदहा महिन्यांत तीन गोष्टी घडल्या.

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली. गटारी अमावास्येला घरी निघालेली माणसं. सहाशेहून अधिक जीव गेले. आमच्याकडं जुनी माणसं अजून या बोटीचं नाव हळू आवाजात घेतात. खाजगी कंपनीची बोट, पावसाळी समुद्र आणि खच्चून भरलेली माणसं.

७ ऑगस्ट १९४७. मुंबई महानगरपालिकेनं बेस्ट कंपनी विकत घेतली. स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी. तेव्हा बेस्टकडं २४२ बसगाड्या होत्या, २३ मार्ग होते आणि रोज २ लाख ३८ हजार प्रवासी होते. वीज, ट्राम, बस सगळं शहराच्या मालकीचं झालं.

१ जून १९४८. पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. त्याआधी गावोगावी खाजगी मोटारी होत्या. गाडी भरेल तेव्हा सुटायची आणि भाडं मालक म्हणेल ते. आजच्या वडापाचा आजा म्हणा.

या तीन तारखा एका रांगेत ठेवल्या की एक गोष्ट दिसते. त्या पिढीनं तोट्याचा धंदा हौसेनं गळ्यात बांधून घेतला नव्हता. माणसं नेणं हे नुसत्या 'भरेल तेव्हा सुटेल'वर सोडलं की काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

पालिकेनं बेस्ट घेतल्यावर मूळ कंपनीतली व्यवस्था तशीच चालू ठेवली. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट वीज विकायची. आज तिचे दहा लाखांच्या घरात वीजग्राहक आहेत. विजेत पैसे सुटायचे, बसमध्ये कमी पडायचे. विजेचा नफा बसच्या तोट्यात जायचा. म्हणजे काळबादेवीतल्या पेढीवरचा पंखा फिरायचा आणि त्यातले काही पैसे लालबागच्या कामगाराच्या तिकिटात पडायचे. तिकिटावर ते कुठं छापलेलं नव्हतं, बिलावरही नव्हतं. पण दशकानुदशकं मुंबईची बस स्वस्त राहिली त्याचं कारण हे होतं.

आणि त्या बसमध्ये बसलेलं कोण होतं? आपणच. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत बाहेरून आलेल्या माणसांत सगळ्यात मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, तो १९८१ ला झाला. परळ, लालबाग, शिवडी, भायखळा इथल्या चाळींत गावंच्या गावं उतरली होती. गिरणीची पाळी पकडायला ट्राम, दवाखान्यात जायला बस. गावी मनीऑर्डर जायची त्यात बसभाड्यातून वाचलेले पैसे होते. कुणी हिशेब मांडला नसेल, पण मुंबईतलं स्वस्त तिकीट रत्नागिरीतल्या कितीतरी घरांच्या चिऱ्यांत गेलंय.

बसच्या कंडक्टरकीतही सगळ्या मुलखाची माणसं होती. विनोदी नट जॉनी वॉकर म्हणजे बद्रुद्दीन काझी, हे सिनेमात येण्याआधी बेस्टमध्ये कंडक्टर होते हे पुष्कळांना ठाऊक असेल. मी गेलो तेव्हा अजून पत्र्याची तिकीटपेटी आणि चिमटा होता. गर्दीत कंडक्टर दिसायचा नाही, चिमट्याची टिकटिक ऐकू यायची. "चला पुढं सरका, गाडी रिकामी आहे पुढं!" गाडी कधीच रिकामी नसायची. पण त्या एका वाक्यावर आणखी दहा माणसं आत मावायची.

मधल्या काळात बऱ्याच गोष्टी गेल्या. तारेवर चालणारी ट्रॉलीबस १९६२ मध्ये आली आणि १९७१ मध्ये बंद झाली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. रस्त्याच्या मधोमध चालते, मोटारींना अडचण होते, असं ट्रामबद्दल बोललं जायचं. मोटारी तेव्हा किती लोकांकडं होत्या? पण अडचण कुणाची मोजायची हे तेव्हाही ठरलेलं होतं. तरीही ट्राम गेली तेव्हा तिच्या जागी बस होती. एक गेलं तर दुसरं हजर होतं. फरक इथं आहे.

१९८२ च्या संपानंतर गिरणगाव उठलं. काकांच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं पुढच्या वीस वर्षांत डोंबिवली, विरार, नालासोपारा, भांडुप अशी पांगली. बेस्ट ज्यांच्यासाठी होती ती माणसं तिच्या वीजपट्ट्याच्या बाहेर गेली. इथं या व्यवस्थेतली एक खोट उघडी पडते, ती लपवून उपयोग नाही. वीजबिल भरणारा राहतो गिरगावात आणि बसमध्ये बसणारा राहतो गोरेगावात. गिरगावातला माणूस म्हणणारच की दुसऱ्याच्या प्रवासाचे पैसे माझ्या पंख्यातून का घेता? प्रश्न रास्त आहे.

२००३ चा वीज कायदा आला आणि हा प्रश्न नियामक आयोगासमोर गेला. विजेचा हिशेब विजेपुरता, असं नव्या कायद्याचं म्हणणं. काही वर्षं परिवहनाची तूट वीजग्राहकांकडून वेगळा आकार लावून वसूल केली गेली. जी गोष्ट शंभर वर्षं लपलेली होती ती बिलावर छापून आली आणि लोकांना ती खुपली. २०१६ च्या सुमारास ती वसुलीही थांबली.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म इथं आहे. लोक म्हणतात बेस्ट तोट्यात गेली. बेस्टची बस तोट्यातच होती, तिला पोसण्याची सोय होती. ती सोय काढून घेतली गेली, आणि कायद्याच्या दृष्टीनं ती काढणं कदाचित बरोबरही असेल. पण तिच्या जागी दुसरी सोय कुणी लावली नाही. ट्राम गेली तेव्हा बस होती, विजेचा नफा गेला तेव्हा काहीच नव्हतं. पालिका कधी अनुदान देते, कधी कर्ज देते, कधी अटी घालते. दरवर्षी नव्यानं हात पसरायचा.

परिणाम बघा. २०१० च्या सुमारास बेस्टकडं साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. आज सगळ्या मिळून तीन हजारांच्या खाली, आणि त्यातल्या स्वतःच्या मालकीच्या काहीशेच. बाकी भाडेतत्त्वावर, म्हणजे गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, रंग तेवढा बेस्टचा. जानेवारी २०१९ मध्ये कामगार नऊ दिवस संपावर गेले. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात भाडेतत्त्वावरची ३३२ क्रमांकाची बस माणसांवर गेली, अनेक जीव गेले. दोष कुणाचा ते कोर्ट ठरवेल. पण चालकाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी नेमकी कुणाची, हा प्रश्न त्या रात्री सगळ्या शहरानं विचारला. मालकी एकाची, नोकरी दुसऱ्याकडची आणि पाटी तिसऱ्याची असली की असे प्रश्न अपघातानंतरच विचारले जातात.

१५ सप्टेंबर २०२३ ला जुन्या डिझेल डबलडेकरची शेवटची फेरी झाली, अंधेरीच्या ४१५ वर. गाडीला हार घातले, फुगे लावले, लोकांनी सेल्फी काढले. मीही मोबाईलवर बघून हळवा झालो, खोटं कशाला बोलू. पण आपण निरोप फार छान देतो, हे तेव्हा जाणवलं. निरोप द्यायची वेळ येऊ नये म्हणून मात्र कुणी रस्त्यावर येत नाही. विजेवरच्या नव्या वातानुकूलित दुमजली गाड्या त्याच वर्षी आल्या, छान आहेत. पण मोजक्याच.

कुणी म्हणेल, लोकांनाच बस नको झालीय. ज्याला त्याला दुचाकी पाहिजे, मेट्रो पाहिजे. तर हा एक आकडा बघा. जुलै २०१९ मध्ये बेस्टनं किमान भाडं आठ रुपयांवरून पाच केलं. रोजचे प्रवासी तोवर १७-१८ लाखांवर घसरले होते. काही महिन्यांत ते ३० लाखांच्या घरात गेले. रस्ते तेच, कोंडी तीच, गाड्याही फारशा वाढल्या नव्हत्या. माणसं बसला सोडून गेली नव्हती, ती थांब्यावरच उभी होती. घोड्याच्या ट्रामवाल्यांनी तीन आण्यांचे दोन आणे केले होते, त्यांच्याच वाटेनं बेस्ट गेली, म्हणा ना.

आणि मग ९ मे २०२५ ला साधं किमान भाडं पाचवरून दहा झालं, वातानुकूलितचं सहावरून बारा. तारीख बघा. पहिल्या ट्रामला त्याच दिवशी १५१ वर्षं पूर्ण झाली होती. योगायोग असेल. पैसे कुठून तरी आणायलाच पाहिजेत, हेही मला कळतं. पण विजेच्या बिलातून काढलेला बोजा शेवटी कुणाच्या खिशावर आला तेवढं मात्र त्या दिवशी स्पष्ट झालं.

आता तोट्याचा प्रश्न. मुंबईत कुलाबा-सीप्झ भुयारी मेट्रोवर सदतीस हजार कोटींच्या आसपास खर्च झाला. ती पाहिजेच होती, माझा विरोध नाही. किनारी रस्त्यावर पालिकेनं चौदा हजार कोटींच्या घरात खर्च केला, आणि त्यावर टोल नाही. त्या रस्त्यावरून प्रामुख्यानं मोटारी जातात. किनारी रस्ता वर्षाला किती तोट्यात आहे, असं कुणी कधी विचारलेलं तुम्ही ऐकलंत? नाही ना? कारण रस्त्याला आपण 'खर्च' म्हणतो आणि बसला 'तोटा' म्हणतो. पालिका तीच, पैसे तेच, वही तेवढी वेगळी.

आता परत आपल्या बसस्थानकासमोर या.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या बसचं आम्हाला काय? तर सांगतो. पहिलं म्हणजे आपली अर्धी माणसं तिथं आहेत. दुसरं, २०२० मध्ये लोकल बंद होत्या, तेव्हा मुंबई चालू ठेवायला जिल्ह्याजिल्ह्यांतून एसटीच्या गाड्या चालक-वाहकांसह बोलावल्या होत्या. ज्यांनी कधी मुंबईत गाडी चालवली नव्हती ते बेस्टच्या मार्गांवर नर्सना, सफाई कामगारांना नेत होते, आणि त्यातले कितीतरी आजारी पडून परतले. बेस्ट आणि एसटी या सख्ख्या बहिणी आहेत. एकीला जे होतं ते दुसरीला होणार.

तिसरं कारण माझ्या स्वतःच्या गावचं. आमच्याकडं वस्तीची गाडी यायची. नव्या मुलांसाठी सांगतो, वस्तीची गाडी म्हणजे रात्री उशिरा गावात येणारी शेवटची एसटी. चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपायचे आणि पहाटे तीच गाडी पहिली म्हणून सुटायची. रात्रीच्या फेरीला गाडीत चार-पाच माणसं. सकाळी मात्र पाय ठेवायला जागा नाही: शाळेची पोरं, कॉलेजची पोरं, सिव्हिलला निघालेली म्हातारी, बाजाराला चाललेल्या बायका, टपावर भाजीच्या पाट्या. मी आठवीपासून बारावीपर्यंत त्याच गाडीनं शिकलो. पुढं पत्रकार झाल्यावर, ईमेल हाताशी नव्हता तेव्हा, बातमीचं पाकीट आणि फोटो याच लाल गाडीच्या चालकाकडं द्यायचो. पेपरच्या कार्यालयातला माणूस स्टँडवर येऊन घ्यायचा. एकही पाकीट कधी हरवलं नाही.

आता कागदावर फेरीवार हिशेब मांडा. रात्रीची फेरी तोट्यात, बंद करा. केली. पण रात्री गाडी आलीच नाही तर पहाटे सुटणार कुठून? म्हणजे नफ्यातली सकाळची फेरीही गेली. दोन वर्षांनी कुणी तरी लिहिणार, 'या मार्गावर प्रवासीच नाहीत'. बरोबरच आहे. तोवर ज्याला परवडली त्यानं दुचाकी घेतली, मुलाला गावातल्या नातेवाईकाकडं ठेवलं, आणि मुलीचं शिक्षण दहावीला थांबलं. हे शेवटचं कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

बेस्टच्या गोष्टीतून आपण शिकायचं ते एवढंच. बस कधीच फक्त तिकिटावर चालली नाही, ना इंग्रजांच्या काळात, ना नंतर. कुठं तरी दुसरा हात असतोच. तो हात लपलेला असेल तर एक दिवस कुणी तरी कायद्यावर बोट ठेवून तो काढून घेतो आणि लोकांना कळतही नाही की आपलं काय गेलं. म्हणून तो उघड पाहिजे, लिहून ठेवलेला पाहिजे आणि दरवर्षी भीक मागावी लागणार नाही असा पक्का पाहिजे.

एसटीत त्याची उदाहरणं आहेत. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. त्याचे पैसे राज्य सरकारनं एसटीला द्यायचे असं ठरलेलं आहे. ते वेळेवर मिळतात का, हे विचारायचं काम आमच्यासारख्या पत्रकारांचं आणि तुम्हा वाचकांचंही. पण निदान कोण देणार हे माहीत आहे. अर्ध्या तिकिटानंतर गाड्यांत बायका किती वाढल्या ते रत्नागिरीच्या कुठल्याही थांब्यावर उभं राहून बघा. ज्या बहिणी माहेरी दिवाळीलाच जायच्या त्या आता आईचं दुखलं-खुपलं बघायला मधल्या वारी जाऊन येतात. मुंबईत २०१९ ला दिसलं तेच इथं दिसतं. माणसं थांब्यावर उभीच असतात.

आणि मनावर घेतलं तर काय होतं तेही आपण दरवर्षी बघतो. गणपतीला चार-पाच हजार जादा गाड्या मुंबईहून कोकणात येतात. आठवडाभरात एवढी माणसं, एवढ्या वाड्यावस्त्यांवर, खड्ड्यांच्या हायवेवरून. गणपतीला जमतं कारण त्या आठवड्यात चाकरमान्यांकडं मतदार म्हणून बघितलं जातं. उरलेले एक्कावन्न आठवडे तोच माणूस 'भारमान' होतो.

गेल्या महिन्यात मुंबईला गेलो होतो. चुलत भावाची मुलगी कॉलेजात आहे. सहज विचारलं, "तुमच्या इथून घाटकोपरला कुठला नंबर जातो गं?" ती हसली. "काका, नंबर कोण पाठ करतं? मोबाईलवर बघायचं. गाडी कुठं आहे, किती मिनिटांत येईल, सगळं दिसतं." तिनं दाखवलंही. खरंच सोयीचं आहे, आमच्या वेळी असतं तर पावसातले कितीतरी तास वाचले असते. पण येताना मनात आलं, मोबाईल गाडी कुठं आहे ते सांगेल. गाडीच नसेल तर तो काय सांगणार?

काकांनी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलेला कागद माझ्याकडं बरीच वर्षं होता. घर बदलताना कुठं गेला कळलं नाही. काकाही आता नाहीत. पण ते गणित अजून पाठ आहे.

तर टपरीवरच्या माझ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. तुझ्या दुकानात काम करणारी दोन मुलं कुठल्या गावाहून येतात ते मला ठाऊक आहे. सकाळी साडेआठला ती तुझ्या दुकानाचं शटर उघडतात कारण पहाटे त्यांच्या गावातून एक लाल गाडी सुटते. त्या गाडीचा तोटा पेपरात छापून येतो. तिच्यामुळं तुझ्या गल्ल्यात जे येतं ते कुठंच छापलं जात नाही.

उद्या संध्याकाळी चहाला ये. यावेळी पैसे तू दे.